किल्ट आज कोण, कधी आणि कसा घालतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्कॉटलंडमध्ये शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मराठी मंडळींना पहिल्या एक-दोन वर्षांत केव्हातरी एखाद्या मित्राच्या किंवा सहकाऱ्याच्या लग्नाचे आमंत्रण येते आणि त्यासोबत ‘किल्ट घालणार का?’ हा प्रश्नही येतो. त्या वेळी मनात ज्या शंका येतात, त्यांपैकी नेहमीच्या शंकांची उत्तरे येथे दिली आहेत. किल्ट, म्हणजे कमरेभोवती गुंडाळून घालायचा, मागे चुण्या असलेला गुडघ्यापर्यंतचा लोकरी पोशाख, हा अंगावर वागवायचा खराखुरा कपडा आहे, वर्षातून एकदा बाहेर काढायचे सोंग नव्हे, ही आमची भूमिका आहे आणि पुढील उत्तरांमध्ये ती लपवलेली नाही.

स्कॉटलंडमधील पुरुष आज रोज किल्ट घालतात का?

बहुसंख्य पुरुष घालत नाहीत. एडिनबरा किंवा ग्लासगोच्या रस्त्यावर कामाच्या दिवशी किल्ट घातलेला माणूस दिसला, तर तो बहुधा पर्यटकांसाठी बॅगपाइप वाजवणारा वादक, एखाद्या हॉटेलचा किंवा दुकानाचा कर्मचारी, नाहीतर लग्नाला निघालेला वऱ्हाडी असतो. मात्र प्रसंग असला की चित्र पालटते. लग्न, पदवीदान समारंभ, कवी रॉबर्ट बर्न्स यांच्या स्मरणार्थ 25 जानेवारीला होणारी बर्न्स नाइट, 30 नोव्हेंबरचा सेंट अँड्र्यू दिन, वर्षाअखेरचा हॉगमनाय, केलीचे सामूहिक नृत्य आणि राष्ट्रीय संघाचे फुटबॉल व रग्बीचे सामने या सगळ्या ठिकाणी किल्ट इतका सर्रास दिसतो की तो न घालणाऱ्यालाच कधीकधी कारण विचारले जाते.

लग्नात नवऱ्या मुलाने किल्ट घालायचा ही आज जवळजवळ रीतच वाटत असली, तरी सर्वसामान्य घरांमध्ये ती गेल्या काही दशकांत रुजली आहे. त्याआधीच्या पिढीतील शहरी स्कॉट माणूस लग्नात सुटाबुटात उभा राहत असे, आणि किल्ट म्हणजे सैनिकांचा, जमीनदारांचा किंवा बिस्किटांच्या डब्यावरच्या चित्रातला पोशाख अशी त्याची समजूत होती. ती बदलायला दोन गोष्टींनी मोठा हातभार लावला. पहिली गोष्ट म्हणजे ‘टार्टन आर्मी’ या नावाने ओळखले जाणारे फुटबॉलप्रेमी (टार्टन म्हणजे किल्टचे रंगीत चौकडीचे कापड). त्यांनी किल्टवर संघाचा टी-शर्ट चढवला, जाडजूड बूट घातले, मोजे घोट्यापर्यंत खाली सारले आणि या वेशात परदेशी शहरांचे चौक भरून टाकले. किल्ट घालायला कोट, बो आणि निमंत्रणपत्रिका लागते, हा समज त्यांनी मोडून काढला. दुसरी गोष्ट म्हणजे स्वतंत्र स्कॉटिश संसदेची मागणी आणि 1999 साली प्रत्यक्षात आलेली संसद, कारण त्या काळात स्वतःची ओळख उघडपणे मिरवण्याचा संकोच कमी झाला. शॉन कॉनरी यांनी 2000 साली एडिनबऱ्याच्या हॉलिरूड राजवाड्यात नाइटहुड स्वीकारताना पूर्ण हायलँड पोशाख घातला होता (हायलँड म्हणजे स्कॉटलंडचा उत्तरेकडील डोंगराळ भाग). तो प्रसंगही याच काळातला.

हा पोशाख खरोखर प्राचीन आहे, की नंतर घडवलेला?

दोन्ही बाजूंमध्ये तथ्य आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस हायलँडमधील पुरुष एक प्रचंड मोठे लोकरी वस्त्र कमरेला पट्ट्याने आवळून नेसत आणि उरलेला भाग खांद्यावर घेत. रात्री तेच वस्त्र पांघरायला होई. या मोठ्या वस्त्राचा वरचा भाग काढून टाकला आणि खालच्या भागाच्या चुण्या शिवून पक्क्या केल्या की आजचा किल्ट तयार होतो. हा बदल अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ झाला. त्याचे श्रेय थॉमस रॉलिन्सन या इंग्रज लोखंड-उत्पादकाला दिले जाते. लोखंडाच्या भट्टीवर राबणाऱ्या मजुरांना सुटसुटीत कपडा हवा म्हणून त्याने तो करवून घेतला, असे सांगतात. ही हकीकत सर्वांना मान्य नाही आणि तिच्यावरून अजूनही वाद होतात.

1746 साली कलोडनच्या रणांगणावर पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याला गादी परत मिळवून देऊ पाहणाऱ्या जेकोबाइट बंडखोरांचा पराभव झाल्यानंतर ब्रिटिश संसदेने स्कॉटलंडमधील पुरुषांना हा पोशाख घालण्यास बंदी केली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांचा तुरुंगवास आणि दुसऱ्याला सात वर्षांची हद्दपारी अशी शिक्षा होती. लष्करातील हायलँड रेजिमेंटांना मात्र यातून सूट होती, त्यामुळे बंदीच्या काळात किल्ट तगला तो बंडखोरांना हरवणाऱ्या सरकारच्याच फौजेत. 1782 साली बंदी उठली. त्यानंतर 1822 च्या ऑगस्टमध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबऱ्याला आला, तेव्हा कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांनी त्या भेटीची सारी मांडणी टार्टनमय करून टाकली, आणि दक्षिणेकडील सखल लोलँडमधील ज्या प्रतिष्ठित घराण्यांनी पिढ्यानपिढ्या हायलँडच्या लोकांना रानटी म्हटले होते, त्यांच्याच अंगावर तो पोशाख चढला.

म्हणून ‘हा सगळा बनाव आहे’ असे म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. ज्या कपड्यासाठी माणसे तुरुंगात जाऊ शकत होती, त्याला केवळ दरबारी नाटक म्हणणे हा त्या माणसांवर अन्याय आहे. त्याचबरोबर, आज ‘अमुक बटण, तमुक बकल परंपरेला धरून नाही’ असे ठणकावून सांगितले जाते, त्यांतले बहुतेक नियम एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकातील शिंप्यांनी व रेजिमेंटांनी घालून दिलेले आहेत, हेही ध्यानात ठेवावे.

मी स्कॉटिश नाही. मी किल्ट घातला तर कोणाला वाईट वाटेल का?

सहसा वाटत नाही. आपल्या लग्नाला आलेल्या परदेशी पाहुण्याने किल्ट घातला, तर यजमानांना बहुतेक वेळा मनापासून आनंद होतो. नाराजी ओढवते ती वेगळ्या कारणांनी: पार्टीच्या दुकानात मिळणारा, लाल केसांचा टोप शिवलेल्या टोपीसह विकला जाणारा नायलॉनचा किल्ट घालून कोणी लग्नमंडपात आला, किंवा कपडा चांगला असूनही सारा वेळ स्वतःच त्याच्यावर विनोद करत बसला, तर.

मग टार्टन कोणते निवडायचे? प्रत्येक घराण्याचे टार्टन ठरलेले असते ना?

घराणे आणि टार्टन यांची पक्की जोडी प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकात बसली. त्याआधी चौकडीचे रंग बरेचसे प्रदेश, विणकर आणि हाताशी असलेले रंग यांवर ठरत. 1842 साली प्रसिद्ध झालेल्या ‘व्हेस्टिएरियम स्कॉटिकम’ या ग्रंथाने अनेक घराण्यांना त्यांची ‘प्राचीन’ टार्टने मिळवून दिली. तो ग्रंथ पुढे बनावट ठरला, पण त्यातील नक्षी इतकी लोकप्रिय झाली होती की ती आजही विणली जाते.

कायद्याने कोणीही बहुतेक कोणतेही टार्टन घालू शकतो. संकेत म्हणून राखून ठेवलेले ठळक उदाहरण बॅल्मोरल टार्टनचे आहे. ते राजघराणे आणि राजाचा पाइपवादक यांच्यापुरते मानले जाते. ज्याचे कोणत्याही घराण्याशी नाते नाही त्याने ब्लॅक वॉच, हंटिंग स्ट्युअर्ट किंवा कॅलेडोनिया यांसारखी सर्वांसाठी खुली मानली जाणारी टार्टने घ्यावीत. आम्ही विशेषतः ब्लॅक वॉच सुचवतो, कारण गडद निळ्या आणि हिरव्या रंगांचे ते कापड सावळ्या वर्णाला खुलून दिसते आणि दिवसा-रात्री कुठेही शोभते. लग्न घरचेच असेल, तर दुसऱ्या बाजूच्या घराण्याचे टार्टन घालण्याचा आग्रह यजमानांकडून होऊ शकतो. तो आपुलकीचा असतो आणि मोकळेपणाने स्वीकारावा.

नवे टार्टन तयार करून नोंदवण्याचीही सोय आहे. स्कॉटिश संसदेच्या 2008 च्या कायद्यानुसार स्थापन झालेली टार्टनची अधिकृत नोंदवही 2009 पासून खुली आहे, आणि तिच्यात घराण्यांइतक्याच सहजतेने शहरे, विद्यापीठे, कंपन्या आणि धर्मसमुदाय आढळतात. स्कॉटलंडमधील शीख समाजाचे ‘सिंह’ टार्टन 1999 पासून आहे. ज्यू समाजाचे 2008 साली आणि इस्लामी टार्टन 2012 साली आले. पगडी आणि किल्ट एकत्र घालणारा शीख नवरदेव आज ग्लासगोत कोणाला अजब वाटत नाही. नवागतांना बाहेर न ठेवता आपल्याच विणीत जागा देणारा असा राष्ट्रीय पोशाख युरोपात क्वचितच दुसरा असेल, असे आम्हाला वाटते.

औपचारिक प्रसंगी किल्टबरोबर नेमके काय घालावे?

दिवसाच्या समारंभासाठी ट्वीडचे किंवा साधे आर्गाइल जॅकेट, त्याखाली वेस्टकोट, नेहमीचा शर्ट आणि टाय पुरेसा होतो. संध्याकाळच्या काळ्या-टायच्या प्रसंगासाठी मागे आखूड शेपट्या आणि पुढे चांदीची बटणे असलेला प्रिन्स चार्ली कोट बो-टायबरोबर घालतात. भाड्याच्या दुकानांनी हाच कोट सकाळच्या लग्नांतही सरसकट चालवल्यामुळे पूर्वीचा भेद आता पुसट झाला आहे. तरीही दुपारच्या लग्नात ट्वीड अधिक डौलदार दिसते, असे आमचे ठाम मत आहे.

कमरेपुढे साखळीने लटकणारी स्पोरन ही पिशवी किल्टला खिसे नसल्यामुळे आली. ती कमरेच्या पट्ट्यापासून साधारण चार बोटे खाली असावी. वेस्टकोट असेल तर रुंद पट्टा लावू नये. लांब लोकरी मोजे गुडघ्याच्या दोन-तीन बोटे खाली दुमडावेत आणि किल्टची खालची कड गुडघ्याच्या वाटीपाशी यावी. यापेक्षा लांब किल्ट घातलेला माणूस मोठ्या भावाचे कपडे घालून आल्यासारखा दिसतो, आणि पँटच्या सवयीने किल्ट कमरेऐवजी ओटीपोटावर बांधणाऱ्या बहुतेक नवख्यांचे नेमके तसेच होते. पुढचे दोन पदर एकमेकांवर येतात तेव्हा सुटी, दशा असलेली कड घालणाऱ्याच्या उजव्या बाजूला असावी. किल्टची पिन फक्त वरच्या पदराला टोचावी. दोन्ही पदर एकत्र टाचले तर कापड ओढले जाऊन फाटते.

कपडे चढवण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. मोजे आणि बूट आधी घालावेत, किल्ट नंतर. गिली ब्रोग या बुटांना जीभ नसते आणि त्यांच्या लांब नाड्या पुढे पीळ देऊन घोट्याभोवती बांधायच्या असतात. किल्ट कमरेला आवळल्यानंतर वाकून हे काम करणे अवघड जाते.

किल्टच्या आत काय घालतात?

ज्याला जे सोयीचे वाटेल ते. काही न घालण्याची प्रथा लष्करी रेजिमेंटांशी जोडली जाते. हायलँड नृत्याच्या आणि मैदानी खेळांच्या स्पर्धांमध्ये आत गडद रंगाचे वस्त्र घालावे लागते, आणि भाड्याचा किल्ट तर आज तुम्ही, उद्या दुसरा कोणी घालणार असतो, त्यामुळे तेथे अंतर्वस्त्र घालणे ही साधी सभ्यता आहे.

किल्ट घातल्यावर लोक थट्टा करतात का? कोणी अंगाला हात लावला तर?

थट्टेपेक्षा या दुसऱ्या भागाविषयी अधिक बोलायला हवे. किल्ट घातलेल्या पुरुषाला ‘आत काय आहे’ असे विचारणे, कापड उचलण्याचा प्रयत्न करणे, मोबाइल खाली धरून फोटो काढणे हे प्रकार पार्ट्यांमध्ये आणि बारमध्ये घडतात आणि आजूबाजूचे लोक हसून ते सोडून देतात. स्त्रीच्या स्कर्टबाबत कोणी असे केले असते, तर तेच लोक हसले नसते. इन्व्हर्नेसमधील एका बारच्या कर्मचाऱ्यांनी अशा छेडछाडीला कंटाळून 2017 मध्ये किल्ट घालणे थांबवल्याची बातमी गाजली, तेव्हा कुठे या विषयावर जरा गांभीर्याने चर्चा झाली. संमतीशिवाय कपड्याखालचे चित्र टिपणे हा स्कॉटलंडमध्ये लैंगिक गुन्हा आहे आणि बळी पुरुष असल्याने किंवा कपडा किल्ट असल्याने त्यात फरक पडत नाही. म्हणून कोणी असे केले तर ‘मजा होती’ म्हणून गप्प बसू नये. यजमानांना, व्यवस्थापकाला, गरज पडल्यास पोलिसांना सांगावे.

साध्या थट्टेचे म्हणाल, तर ती स्कॉटलंडबाहेर अधिक होते. रोज किल्ट घालणाऱ्यांचा अनुभव असा की पहिल्या आठवड्यात शेरे ऐकू येतात आणि महिनाभरात शेजारी-पाजारी लक्ष देणे सोडतात.

कार्यालयात किंवा शाळेत किल्ट चालतो का?

स्कॉटलंडमध्ये सुटाच्या जागी नीटनेटका किल्ट सहसा चालतो. स्कॉटिश संसदेतील काही सदस्यही तो घालून येतात. इतरत्र मात्र अडचणी आल्या आहेत. अमेरिकेतील मिसुरी राज्यात 2005 साली एका शाळेने विद्यार्थ्याला किल्ट घालून शाळेच्या नृत्यसमारंभाला येण्यास मनाई केली, आणि त्यावर जगभरातून निषेध झाला. 2008 साली अमेरिकेतील टपाल वाटणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या अधिवेशनात एका पोस्टमनने गणवेशात किल्टचा पर्याय द्यावा असा ठराव मांडला. दिवसभर पिशवी घेऊन चालणाऱ्याला पँटचा काच होतो, हा त्याचा मुद्दा अगदी व्यवहार्य होता. ठराव मोठ्या फरकाने फेटाळला गेला. या दोन्ही ठिकाणी किल्टच्या सोयी-गैरसोयीचा विचार फारसा झालाच नाही. पुरुषाने दोन पायांचे कपडेच घालावेत ही गृहीत धरलेली गोष्ट निर्णायक ठरली.

डेनिमचे, चामड्याचे, खिसे असलेले किल्ट हे खरे किल्ट आहेत का?

एडिनबऱ्यात हाउई निकल्सबी यांनी 1990 च्या दशकात डेनिम, चामडे, पिनस्ट्राइप अशा कापडांचे किल्ट शिवायला सुरुवात केली आणि ते स्वतः रोज किल्टच घालतात. अमेरिकेत सिएटलमध्ये 2000 साली सुरू झालेल्या युटिलिकिल्ट्सने जाड सुती कापडाचे, मोठ्या खिशांचे, कामगारांना उपयोगी पडणारे किल्ट बाजारात आणले. जुन्या वळणाचे लोक यांना किल्ट मानायला तयार नसतात.

आमचे मत वेगळे आहे. जो कपडा फक्त समारंभात उरतो, त्याचा कट, कापड आणि वापर यांत बदल होत नाही, आणि हळूहळू तो घालणाऱ्याच्या अंगवळणी पडायचाही थांबतो. आपल्याकडे धोतर लग्नातील एका विधीपुरते उरले आणि ते नेसता येणारे हातही त्याबरोबर कमी झाले. किल्टचे तसे होऊ नये असे वाटत असेल, तर बाजारहाटाला, डोंगर चढायला आणि कामावर किल्ट घालणाऱ्यांचे आभारच मानले पाहिजेत, मग त्यांचा किल्ट डेनिमचा का असेना.

भाड्याने घ्यावा, विकत घ्यावा की स्वस्तातला मागवावा?

एकाच लग्नाचा प्रश्न असेल तर भाड्याने घ्यावा. स्कॉटलंडमधील बहुतेक वऱ्हाडी तेच करतात, आणि कोटापासून मोज्यांपर्यंत सारे एकत्र मिळते. मात्र कंबर पँटच्या मापाने सांगू नये. बेंबीच्या पातळीवर टेप धरून मोजून घ्यावी.

हाताने शिवलेला किल्ट काही शे पौंडांना पडतो आणि किंमत ऐकून लोक दचकतात, म्हणून त्यात काय असते ते सांगितले पाहिजे. चांगल्या किल्टला आठ वार कापड लागते. दुहेरी पन्ह्याचे चार वार लोकरी कापड लांबीत मधोमध फाडून दोन पट्टे करतात आणि ते जोडतात. खालची कड दुमडून शिवलेली नसते. मागावर विणलेली किनारच तेथे येते, म्हणून चुण्या खाली मोकळ्या झुलतात. मागच्या चुण्या दोन प्रकारे घालता येतात. एका प्रकारात प्रत्येक चुणी अशी दुमडतात की सगळ्या मिळून पाठीमागे चौकडीची मूळ नक्षी जशीच्या तशी जुळते. दुसऱ्यात प्रत्येक चुणीवर एकच पट्टी येते आणि चालताना मधला दडलेला रंग झळकतो. दुसरा प्रकार लष्करी रेजिमेंटांत अधिक दिसतो. नितंबांपासून कमरेपर्यंत प्रत्येक चुणी किंचित अरुंद करत हाताने शिवायची आणि तरीही पट्ट्या सरळ ठेवायच्या, यात कारागिराची परीक्षा असते. असा किल्ट कडेला पुरेसे कापड राखून शिवलेला असल्यामुळे बकल सरकवून सैल करता येतो आणि अनेकदा मुलगा बापाचाच किल्ट घालतो.

स्वस्त किल्टांपैकी बरेच पाकिस्तानातील सियालकोटहून येतात. बॅगपाइप आणि बँडचे साहित्य बनवण्यातही ते शहर जुने आहे. तेथील कारागिरांविषयी आमची काहीही तक्रार नाही. तक्रार आहे ती ॲक्रिलिकचा, चार-पाच वारांचा किल्ट ‘अस्सल हायलँड’ म्हणून पर्यटकांच्या माथी मारणाऱ्या विक्रेत्यांविषयी. बजेट कमी असेल, तर नव्या ॲक्रिलिकपेक्षा जुना, वापरलेला लोकरी किल्ट शोधणे केव्हाही चांगले.

स्त्रियांनी किल्ट घालावा का?

पाइप बँडमधील वादक आणि हायलँड नृत्यांगना तो घालतातच. समारंभात स्त्रिया बहुधा टार्टनचा लांब स्कर्ट किंवा खांद्यावर पट्टा घेतात. ज्यांना किल्ट आवडतो त्यांनी तो घालू नये असे म्हणण्यास सबळ कारण दिसत नाही.

मोज्यात खोचलेला छोटा सुरा कायदेशीर आहे का?

त्याला स्कियन डू म्हणतात. स्कॉटलंडच्या 1995 च्या फौजदारी कायद्यात राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून तो बाळगण्याची मुभा आहे. विमानात मात्र तो हाताशी ठेवता येत नाही, तपासणीच्या वेळी काढून घेतला जातो, म्हणून चेक-इन सामानात टाकावा. अनेक सभागृहे आणि मैदाने पात्याऐवजी नुसती मूठ असलेला नकली सुराच मागतात आणि भाड्याच्या पोशाखातही बहुधा तोच मिळतो.

महाराष्ट्राशी या पोशाखाचा काही संबंध आहे का?

थेट पोशाखाचा नाही, पण तो घालणाऱ्या पलटणींचा आहे. आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे 23 सप्टेंबर 1803 रोजी शिंदे-भोसले यांच्या फौजांशी ब्रिटिश सेनानी वेलस्लीच्या सैन्याची जी लढाई झाली, तिच्यात 74 वी आणि 78 वी या हायलँड पलटणी होत्या. त्यांच्या पदरात पुढे ‘असई’ लिहिलेले हत्तीचे चिन्ह पडले. भारतीय सैन्याच्या पाइप बँडमध्ये खांद्यावर दिसणारे टार्टनही अशाच पलटणींच्या वारशातून आले आहे.

बसताना आणि नंतर ठेवताना काय काळजी घ्यावी?

बसण्यापूर्वी दोन्ही हातांनी मागच्या चुण्या वरून खाली सपाट करत मग बसावे. नाहीतर उठल्यावर पाठीमागे चुरगळलेली गाठ दिसते. स्पोरन मांडीवर मधोमध घ्यावी म्हणजे कापड खाली दबून राहते. दगडी जिन्यावर वारा असेल तर मागे कोणी आहे की नाही हे पाहून चढावे. घरी आल्यावर किल्ट लगेच कपाटात कोंबू नये. चिमट्यांच्या हँगरला कमरेकडून टांगून रात्रभर हवेवर ठेवावा. लोकर दरवेळी ड्रायक्लीनिंगला देण्याची गरज नसते, डाग तेवढा ओल्या फडक्याने पुसावा. लांबच्या प्रवासाला नेताना चुण्या कच्च्या धाग्याने खालच्या बाजूला टाचून घ्याव्यात आणि किल्ट रुंदीत घडी न घालता लांबट गुंडाळून नेला, तर पोहोचल्यावर धागा ओढून काढताच तो घालता येतो. भारतात ठेवायचा असेल तर कसरीपासून जपावे. पावसाळ्याच्या आधी उन्हात धरून, कडुलिंबाचा पाला किंवा डांबराच्या गोळ्या घालून सुती कापडात बांधलेला किल्ट वर्षानुवर्षे टिकतो.